पुसलेलं पिवळं

चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टला हिसका बसला. फार मोठा नाही. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली अजून एक पायरी निघावी, तेवढाच. लिफ्ट वीतभर घसरल्यासारखी झाली, जागच्या जागी थरथरली, आणि मग आपण त्या गावचेच नाही अशा थाटात पुढे उतरायला लागली. आईने लेकीचं मनगट घट्ट धरलं होतं. ऑपरेशन गुडघ्याचं झालं होतं, पण तेव्हापासून आईच्या हातांत कुठून तरी जास्तीची ताकद आली होती. "हिचा पाय चुकला गं," आई म्हणाली. "होतं असं कधीकधी," ती म्हणाली, आणि फोनवरच्या अनोळखी माणसांना आपण हे ज्या आवाजात सांगतो त्याच आवाजात आईला सांगितलं, हे तिच्या लक्षात आलं. कारण ती लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीतच कामाला होती, आणि ही लिफ्टही त्यांच्याचकडे होती. बटणांच्या वर तपासणीचं कार्ड होतं, त्यावर मामांची सही. मामा म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक. या भागातल्या सगळ्या लिफ्ट त्यांच्याकडे. "तो मिशीवाला म्हणाला होता, आठवड्याभरात परत येतो म्हणून," आई कार्डाकडे बघत म्हणाली. "आला नाही. मी त्याच्यासाठी चहाचं आधणसुद्धा ठेवलं होतं." दार उघडलं. बाहेर शेजारीण गाडी काढून उभी होती, ती आईला व्यायामाच्या दवाखान्यात सोडणार होती. "दुपारी माझी मी येते," आई म्हणाली. आईचा फोन नेहमीप्रमाणे वर चार्जिंगला राहिला होता.

बस स्टॉपवर उभं राहिल्यावर ते वाक्य पुन्हा वर आलं. परत येतो म्हणाले आणि आले नाहीत. मामा तोंडाचे फटकळ, साहेबांनाही सोडत नसत, पण सांगितलेल्या दिवशी गेले नाहीत असं कधी ऐकलं नव्हतं. अर्थात लक्षात ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यासाठी त्यांची शीट होती. प्रत्येक मेकॅनिककडे एकेक छोटा लॅपटॉप, त्यात त्याच्या भागाची शीट: इमारत, मागची तपासणी, पुढची तपासणी. मामा लिफ्ट बघून यायचे, सगळं नियमाप्रमाणे बरोबर असायचं, पण एखाद्या लिफ्टवर त्यांचं मन भरायचं नाही. एखादा आवाज, थांबताना लागलेला नको तेवढा वेळ, तेलाचा निराळा वास. याला नाव नसतं आणि नियमात खणही नसतो. मग ते त्या इमारतीचा खण पिवळा रंगवायचे, आणि त्यांच्या शीटमधला जुना मॅक्रो पिवळे खण हुडकून आठवड्याच्या आत ती लिफ्ट परत यादीत आणायचा. हे तिला चांगलं ठाऊक होतं. ते पिवळे खण तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि मागच्या महिन्यात एका बटणावर बोट ठेवून पुसून टाकले होते. बस आली, थांबली, निघून गेली, तरी ती तिथेच उभी होती.

मॅक्रो म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. रोज तेच ते काम हाताने करण्यापेक्षा एकदाच ओळींत लिहून ठेवायचं आणि मग एक कळ दाबली की शीटने ते आपलं आपण करायचं. कंपनीत कुणा एकाने कधी काळी असा एक मॅक्रो लिहिला होता, तो दुसऱ्याने उचलला, तिसऱ्याने दुसऱ्याकडून घेतला, आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने त्याला ठिगळं लावली. एका शीटमध्ये चूक सापडली की तीच चूक बाकीच्या सगळ्या शीटमध्ये जाऊन शोधायची, आणि ती प्रत्येक ठिकाणी जराशी वेगळी झालेली असायची, वेगवेगळ्या घरांत दिलेल्या भावंडांसारखी. वर्षानुवर्षं तिने हेच केलं होतं. या शीटमधून त्या शीटमध्ये. डोळे चुरचुरायचे, खांद्यात कळ यायची, आणि संध्याकाळी बसमध्ये बसलं की मिटलेल्या पापण्यांच्या आत खण दिसत राहायचे. शेवटी तिने साहेबांना सांगितलं, हे थांबवते. सगळे मॅक्रो एका सामाईक फाइलमध्ये घेते. कुणाच्याही शीटमध्ये काही राहणार नाही. शीट उघडली की ती सामाईक फाइल मागे गुपचूप उघडेल आणि सगळ्या शीट तिलाच विचारतील. एकदा दुरुस्त केलं की सगळीकडे दुरुस्त. साहेबांचे डोळे चमकले होते. मेकॅनिक लोकांनी तिचं नाव मॅक्रोबाई ठेवलं, आणि वरवर रागावली तरी तिला ते आवडलं होतं, अगदी खोलवर आवडलं होतं, कारण त्याआधी तिला तिथे कुणी काहीच म्हणत नसे.

त्या फाइलमध्ये सगळ्यात पहिला मॅक्रो तिने लिहिला त्याचं नाव होतं 'साफ'. सगळ्या शीट दिसायला एकसारख्या करायच्या. तारखा एका पद्धतीच्या, अक्षर एका मापाचं, रंग काढून टाकायचे. रंग म्हणजे तिला पसारा वाटायचा. कुणाचं हिरवं, कुणाचं गुलाबी, मामांचं पिवळं. तिने मामांना सांगितलं होतं, "मामा, रंग नका करू, शेरा लिहायला वेगळा खण दिलाय, आता तो बघूनच यादी लागेल." मामा म्हणाले होते, "काय लिहू त्यात? मला बरं वाटलं नाही असं?" ती हसली होती. मामाही हसले होते, आणि दोघांनाही वाटलं होतं की विषय संपला. मग तिने 'साफ' चालवला. शीटमध्ये मागे फिरण्याचं एक बटण असतं, हाताने काही चुकलं तर ते दाबून पूर्वीचं परत मिळतं. पण मॅक्रोने केलेल्या कामाला ते लागू पडत नाही. मॅक्रो चालून गेला की ते बटण मलूल होतं. आणि जुन्या शीटच्या प्रती? त्या तिनेच काढून टाकल्या होत्या. दोन प्रती राहिल्या की लोक जुनीच उघडतात, मग सगळं मुसळ केरात. ऑफिसातला प्रिंटर फक्त काळं छापायचा, त्यामुळे कागदावरही पिवळं कुठे उमटलेलं नव्हतं. इतकी स्वच्छता केली होती तिने. त्या दिवशी घरी जाताना तिने स्वतःसाठी फुलं घेतली होती, पांढरी.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि ती बाहेर बघू लागली तेव्हा तिला पहिल्यांदाच शहर उभं दिसलं. एरवी ते आडवं असायचं, रस्ते, दुकानं, माणसं. आता नुसत्या उंच इमारती, आणि प्रत्येकीच्या पोटात वरखाली जाणारी एक पेटी. त्या पेटीत कुणी दप्तर घेऊन, कुणी सिलिंडर घेऊन, कुणी कडेवर मूल घेऊन उभं असेल, आकड्यांकडे बघत. लिफ्टमध्ये माणसं आकड्यांकडेच का बघतात, असं तिने लहानपणी आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, एकमेकांकडे बघायला लागू नये म्हणून. आईकडे अशी उत्तरं असायची. आईकडे रुमालही असायचे, आणि रुमालाच्या टोकाला गाठी. काही विसरायचं नसेल तर आई गाठ मारायची. एक गाठ दुधाची, एक शिलाईवालीकडे जायची, एक काकूला निरोप द्यायची. तिला स्वतःला घड्या घालायला आवडायचं. चौकोनाला चौकोन, कडेला कड. एका दुपारी दोरीवरून कपडे काढून आणले आणि रुमालाची घडी नीट बसेना म्हणून तिने गाठ सोडली. दातांनी सोडली होती, इतकी घट्ट होती ती. आईने रुमाल उघडला, चारही टोकं बघितली आणि मटकन खाली बसली. "कशाची होती गं ती?" तिने घाबरून विचारलं. "लक्षात असतं तर गाठ कशाला मारली असती?" आई म्हणाली. मारलं नाही, ओरडली नाही. तेच फार वाईट होतं. पुढे घरात काहीही बिघडलं, दूध नासलं, बाबांची बदली झाली, काकू अबोला धरून बसली, की आई सुस्कारा टाकून म्हणायची, "त्या गाठीत असणार हे." नंतर नंतर ती गंमत झाली. सगळे हसायचे. तीही हसायची, पण आतून तिला दर वेळी दातांवर त्या कापडाची, साबणाची चव यायची. आत्ताही आली.

उतरल्या उतरल्या तिने मामांना फोन लावला. "मामा, आमच्या इमारतीत परत येणार होतात तुम्ही." "यादीत आली नाही तुमची इमारत," मामा म्हणाले. पाठीमागे हातोडीचा आवाज. "यादीत येईल त्याप्रमाणे जातो मी. तुमचीच यादी, बाई." "पिवळं केलं होतंत का?" हातोडी थांबली. "असेल केलं." "मामा, ते पिवळं गेलं. मी पुसलं. सगळंच पुसलं." मामा म्हणाले, "म्हणजे महिनाभर मी पिवळ्यांकडे फिरकलोच नाही की काय? मी आपली यादीच बघतो; मला वाटलं, सध्या यादी हलकी आहे, बरं आहे." तिने विचारलं, कुठल्या कुठल्या होत्या? आठवून सांगा. "आठवायचं असतं तर रंगवलं कशाला असतं?" मामा खेकसले. तिला रस्त्यातच उभं राहावं लागलं. कुणीतरी मागून धक्का देऊन पुढे गेलं. "मामा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच चोरटा वाटला, "आधी आमची बंद करा. आत्ता जा. आई दुपारी परत येईल, तिच्याजवळ फोन नाही. वॉचमनला सांगून तिला खालीच बसवा." "करतो," मामा म्हणाले. "आणि बाकीच्यांचं?" यात काही शहाणपण सांगायचा सूर नव्हता, वैतागच होता, एकटा माणूस कुठे कुठे पुरणार. पण फोन ठेवल्यावर तो प्रश्न तिच्या कानात बसून राहिला. प्रत्येक लिफ्टमध्ये कुणाची तरी आई असते, असलं काही तिला सुचलं नाही. तिला फक्त एवढं कळलं की आपण आपलं माणूस आधी काढून घेतलं आणि तसं केल्याचं आपल्याला अजिबात वाईट वाटत नाहीये. याचीच तिला भीती वाटली.

ऑफिसात साहेबांनी नवा शर्ट घातला होता. जेवणानंतर बाहेरची मंडळी येणार होती. मोठ्या इमारती बांधणारी कंपनी, त्यांचं काम मिळालं तर इथे सगळ्यांचंच भलं होणार होतं. त्यांना सामाईक फाइल दाखवायची होती, काचेच्या खोलीत, भिंतीवरच्या पडद्यावर. "एकदा लिहा, सगळीकडे वापरा," साहेब आरशात बघितल्यासारखे तिच्याकडे बघत म्हणाले. "हे वाक्य तुम्हीच म्हणा. तुमच्या तोंडून शोभेल." ती म्हणाली, "साहेब, 'साफ' मॅक्रोने रंग गेलेत. मामा ज्या लिफ्टवर शंका असेल त्या पिवळ्या करायचे. त्या कुठल्या, ते आता कुणालाच माहीत नाही. त्यांच्या भागातल्या सगळ्या बंद करून तपासायला पाहिजेत." साहेबांनी शर्टाची बाही नीट केली. "नियमाच्या तारखा आहेत ना शीटमध्ये?" "आहेत." "एकही चुकलीय?" "नाही." "मग? मामांना बरं वाटलं नाही म्हणून अर्धं शहर जिन्याने चढवायचं? आणि आज?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "उद्या बघू. निवांत बघू. तुम्ही दमलाय." ते वाईट माणूस नव्हते. तिच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी रजा त्यांनी न मागता दिली होती. कुणी इतकं चांगलं वागलेलं असलं की त्याच्यापुढे तोंड उघडणं जड जातं, आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

मग मामांचा फोन आला. "तुमची बघितली. बुटाचं अस्तर झिजलंय, लिफ्ट रुळाला धरून ठेवतो ना तो बूट. म्हणून हिसका. भिण्यासारखं काही नाही, तरी बंद ठेवलीय, बदलतो. आई खाली खुर्चीवर बसल्यात, मला शिव्या देतायत." तिचा जीव भांड्यात पडला, पण पुरता पडला नाही, कारण मामा थांबले होते. "बाई, एक सांगू? ही मी पिवळी केलेली नव्हती." "पण आईला म्हणाला होतात परत येतो." "ते मी सगळ्यांना म्हणतो. निघताना काहीतरी म्हणावं लागतं ना माणसाला." तिने फोन कानाला धरूनच ठेवला. म्हणजे आपण बंद केली ती नव्हेच. ज्या होत्या त्या चालूच आहेत. या क्षणाला चालू आहेत, वर जातायत, खाली येतायत, आणि आपल्याला बसलेला हिसका हा फक्त निरोप्या होता, भलत्याच दारावर थाप मारून गेला. "वास आठवतोय मला एका ठिकाणचा," मामा हळूच म्हणाले, "जळका. ब्रेकचा असावा. इमारत आठवत नाही. जिन्याला निळी फरशी होती. पण निळी फरशी सगळीकडेच असते." मग त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मी काही आता पूर्वीसारखा नाही, बाई. रंगावर भिस्त होती."

तिने सामाईक फाइल उघडली. पहिला विचार अगदी सोपा होता, तिच्या हाताला सवयीचा: 'साफ' सगळ्या शीटपर्यंत पोहोचतो, तर उलटही पोहोचेल. एक ओळ लिहायची, सगळ्यांचे सगळे खण पिवळे. मग प्रत्येक लिफ्ट शंकेची, प्रत्येक यादीत वर. बोटं ओळ लिहायला लागलीही होती. पण कुठेतरी खटकलं म्हणून तिने दुसऱ्या भागाच्या मेकॅनिकला, चष्मेवाल्याला, फोन केला. "तुमचं पिवळं म्हणजे काय होतं हो?" "कुत्रं," चष्मेवाला म्हणाला. "काय?" "जिथे कुत्रं मोकळं असतं तिथे पिवळं. पुसलंत तेव्हापासून दोनदा पँट फाटली माझी." एरवी ती हसली असती. तिने तिसऱ्या भागाला लावला. तिथे एक तरुण मेकॅनिक बाई होती, कामाला चोख. "माझं पिवळं म्हणजे झालं, नक्की झालं, आता बघायची गरज नाही," ती म्हणाली. "माझी शंका गुलाबी असते." म्हणजे सगळं पिवळं केलं असतं तर एक माणूस कुत्र्यांना घाबरून गेला नसता, आणि एक बाई सगळ्या लिफ्ट ठणठणीत आहेत असं समजून घरी गेली असती. तिने लिहिलेली अर्धी ओळ खोडली. इतकी वर्षं ती या माणसांच्या शीटमध्ये राबली, त्यांच्या तारखा, त्यांची ठिगळं तिला पाठ होती, आणि तुमच्या या रंगाचा अर्थ काय असा एक प्रश्न तिने कधी कुणाला विचारला नव्हता. मामांनी सांगितलं तेही तिने न विचारता सांगितलं होतं. एकसारखं करायचं म्हणजे विचारायचं नाही, असं तिने धरूनच चाललं होतं.

जेवणाची वेळ संपत आली. जेवण झालं की सगळे मेकॅनिक दुपारची यादी बघायला आपापली शीट उघडायचे, आणि प्रत्येक शीट उघडताना मागे ही फाइल उघडणार होती. काचेच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. पाहुणे आले होते. साहेबांचं हसू काचेपलीकडून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. तिने लिहायला घेतलं. मॅक्रो थोडक्या ओळींचा होता: शीट उघडली की यादीच्या आधी एक चौकट समोर यावी, तिच्यात काही लिहिल्याशिवाय ती जाऊ नये, बंद केली तरी परत यावी, आणि लिहिलेलं सामाईक फाइलमध्ये जमा व्हावं. हे लिहायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो चौकटीतल्या मजकुराला. ऑफिसच्या भाषेत लिहायला गेली तर वाक्य आपोआप वाकडं होऊन कर्ता गायब व्हायचा: रंग पुसले गेले आहेत. काही नोंदी आढळत नाहीत. ती खोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा तेच. दातांवर साबणाची चव. शेवटी तिने लहान मुलीसारखं, आईला सांगावं तसं लिहिलं. खाली आपलं पूर्ण नाव घातलं, आणि या नावाने इथे आपल्याला कुणी ओळखतच नाही हे आठवून त्याच्यापुढे मॅक्रोबाई असंही लिहिलं. मग जतन करायची कळ दाबली. आपण काय केलं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि साहेब काचेच्या खोलीत नमुना म्हणून आत्ता कुणाची तरी शीट उघडणार हेही ठाऊक होतं.

साहेबांनी उघडली. पडद्यावर शीट यायच्या ऐवजी चौकट आली. पडद्यावर काही आलं की मोठ्याने वाचून दाखवायची साहेबांना सवयच होती, त्यामुळे थांबेपर्यंत त्यांनी निम्मं वाचलं होतं. बाकीचं पाहुण्यांनी आपलं आपण वाचलं. "तुमच्या शीटमधले रंग मी पुसले. तुम्हाला न विचारता पुसले. ते परत येणार नाहीत. ज्या लिफ्टवर तुमचं मन भरलं नव्हतं ती आठवत असेल तर आत्ता बंद करा. आठवत नसेल तर सगळ्या बंद करा आणि एकेक बघा. तुमचा कुठला रंग म्हणजे काय होतं ते खाली लिहा, म्हणजे मला कळेल." साहेबांनी चौकट बंद केली. ती परत आली. पुन्हा बंद केली, पुन्हा आली. मग त्यांनी काचेतून तिच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, तिला न ओळखल्यासारखं काहीतरी होतं. पाहुण्यांपैकी एक वयस्क बाई उठून काचेच्या दाराशी आली. "आमच्या घरची लिफ्टही तुमच्याचकडे आहे," ती दारातून तिला म्हणाली. "जिन्याला निळी फरशी आहे." आणि तिने घरी फोन लावला, तिथेच, सगळ्यांसमोर, घंटा वाजत राहिली आणि कुणी उचलेना. तेवढ्यात इकडे मॅक्रोबाईच्या पडद्यावर खालच्या बाजूला उत्तरं यायला लागली. पिवळं म्हणजे कुत्रं. गुलाबी म्हणजे शंका, दोन आठवल्या, निघतेय. हिरवं म्हणजे चावी वॉचमनकडे. मामांचं सगळ्यात शेवटी आलं, चुकतमाकत टाइप केलेलं: सगळ्या बंद करतोय. पिवळं म्हणजे मला बरं वाटलं नाही. त्या बाईचा फोन पलीकडून उचलला गेला तेव्हा बाई पहिलं वाक्य बोलली ते "जिन्यानेच उतर" हे होतं, आणि ते ऐकल्यावर इकडे मॅक्रोबाईने आपल्या टेबलावर डोकं टेकलं.

घरी पोहोचली तेव्हा उन्हं कलली होती. उद्या ये म्हणून कुणी म्हणालं नव्हतं, येऊ नको असंही म्हणालं नव्हतं. आई खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसलेली होती, गुडघ्यावर हात ठेवून. बंद लिफ्टच्या दाराला मामांनी दोरी बांधून पाटी अडकवली होती. "काय गं हे," आई म्हणाली, "त्याने सांगितलं, तुझ्या मुलीने बंद केली. इथली केली, पलीकडची केली, सगळीकडची केली म्हणतो." "केली," ती म्हणाली. आईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं, लिफ्टमध्ये बघत नाहीत तसं. मग कमरेचा रुमाल काढला आणि त्याच्या टोकाला सावकाश एक गाठ मारली. "ही कशाची?" तिने विचारलं. "वर गेल्यावर तुला काहीतरी विचारायचंय," आई म्हणाली. "सात मजले चढेपर्यंत विसरेन." तिने आईला दंडाला धरून उठवलं. पहिल्या पायरीवर आई थांबली, दुसऱ्यावर थांबली. रुमाल आईने तिच्या हातात दिला होता, कठडा धरायला हात मोकळा हवा म्हणून, आणि ती तो मुठीत घेऊन चढत राहिली, गाठीला बोट लागू न देता.